तळटिपेबाहेर राहिलेल्या मॅमी क्लार्क

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १७ मे १९५४ रोजी सार्वजनिक शाळांतील वर्णावर आधारलेली विभागणी घटनाबाह्य ठरविली. ब्राऊन खटला या नावाने जगभर परिचित झालेल्या त्या निकालपत्रात अकराव्या क्रमांकाची एक तळटीप आहे. वेगळ्या शाळेत बसविल्याने कृष्णवर्णीय मुलांच्या मनावर आघात होतो, या विधानाला आधार म्हणून न्यायालयाने तीत काही मानसशास्त्रज्ञांच्या व समाजशास्त्रज्ञांच्या लेखनाचा निर्देश केला असून त्यात पहिलेच नाव आहे केनेथ क्लार्क यांचे. ज्या संशोधनाच्या बळावर हे नाव तेथवर पोहोचले, त्याचा उगम त्यांच्या पत्नीने विद्यार्थिदशेत लिहिलेल्या प्रबंधात होता. ही गोष्ट केनेथ यांनी पुढे मोकळेपणाने मान्यही केली. तळटिपेत मात्र मॅमी फिप्स क्लार्क यांना स्वतंत्र जागा मिळाली नाही.

अर्थात एका तळटिपेने कोणाच्या आयुष्याचे मोल कमीअधिक होत नाही. खरा अन्याय वेगळाच आहे. मॅमी क्लार्क यांचे नाव आज जेथे घेतले जाते तेथे ते बाहुल्यांच्या प्रयोगापुरतेच घेतले जाते. तो प्रयोग त्यांच्या आयुष्यातील दोनतीन वर्षांचा भाग होता. त्यानंतरची तेहेतीस वर्षे त्यांनी न्यूयॉर्कमधील हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत मुलांच्या व त्यांच्या आईबापांच्या मानसिक उपचारांचे एक केंद्र चालविले. त्या केंद्राने जे शिकविले ते बाहुल्यांच्या प्रयोगाहून अधिक अवघड आणि अधिक मोलाचे आहे.

मॅमी फिप्स यांचा जन्म १९१७ साली आर्कान्सा राज्यातील हॉट स्प्रिंग्ज या गावी झाला. नावाप्रमाणेच उष्ण झऱ्यांचे हे गाव. दूरदूरचे धनिक येथे स्नानासाठी येत. वडील हॅरोल्ड फिप्स वेस्ट इंडीज बेटांतून आलेले डॉक्टर होते. आई कॅटी त्यांच्या व्यवसायात मदत करी. घरची स्थिती चांगली असल्याने आणि वडिलांना गावात मान असल्याने मॅमीचे बालपण सुरक्षित गेले. पण दक्षिणेकडील राज्यांत कृष्णवर्णीय घराची ही सुरक्षितता उंबरठ्यापुरतीच असे. शाळा वेगळी, दुकानांतील वागणूक वेगळी. आपण सहा वर्षांच्या असताना गावात जमावाने एका कृष्णवर्णीयाचा जीव घेतला, ही आठवण त्यांनी उतारवयातही सांगितली आहे. एकीकडे मायेचे भक्कम घर आणि दुसरीकडे दाराबाहेरची ती दहशत, अशा दोन जगांत ही मुलगी वाढली. मुलाला सर्वांत आधी काय लागते, तर सुरक्षिततेची जाणीव, हा त्यांच्या पुढील सर्व कामाचा पाया होता आणि तो त्यांनी पुस्तकातून उचललेला नव्हता.

१९३४ साली त्या वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात दाखल झाल्या, त्या गणित शिकण्यासाठी. गणिताच्या प्राध्यापकांना विद्यार्थिनींविषयी फारशी आस्था नव्हती असा त्यांचा अनुभव होता. त्याच विद्यापीठात मानसशास्त्राचे पदव्युत्तर अध्ययन करणाऱ्या केनेथ क्लार्क यांनी त्यांचे मन आपल्या विषयाकडे वळविले. मुलांचा अभ्यास करण्याची संधी येथे मिळेल, हे आकर्षणही होतेच. पदवीपूर्वी लग्न करण्यास घरचा विरोध असल्याने १९३७ साली दोघांनी गुपचूप विवाह केला. १९३८ मध्ये मॅमी उत्तम श्रेणीत पदवीधर झाल्या आणि त्या उन्हाळ्यात त्यांनी चार्ल्स ह्यूस्टन या विख्यात कृष्णवर्णीय वकिलाच्या कचेरीत काम केले. वर्णभेदाविरुद्धच्या खटल्यांची तयारी या कचेरीत चालत असे. टंकलेखन आणि कागदपत्रे लावण्याचे साधे काम ते. पण कायद्याने उभी केलेली भिंत कायद्यानेच पाडता येईल, हा विश्वास त्यांना तेथे मिळाला.

त्यांच्या पदव्युत्तर प्रबंधाचा विषय होता शाळापूर्व वयातील कृष्णवर्णीय मुलांमध्ये स्वत्वाची जाणीव कशी उमलते हा. आपण कोण, आपला रंग कोणता, हे मुलाला केव्हा कळते? आणि कळते तेव्हा त्या रंगाबरोबर त्याला आणखी काय काय कळलेले असते? या प्रश्नांतूनच रोझेनवाल्ड निधीच्या साहाय्याने पतिपत्नींनी बाहुल्यांचा प्रयोग केला. हार्लेममधील वूलवर्थच्या दुकानातून पन्नास पन्नास सेंटला विकत घेतलेल्या चार बाहुल्या. दोन तपकिरी, दोन गोऱ्या, रंग सोडला तर सर्व सारख्या. तीन ते सात वर्षांच्या २५३ कृष्णवर्णीय मुलांना त्यांतली खेळायला आवडणारी कोणती, चांगली कोणती, वाईट दिसते ती कोणती आणि शेवटी तुझ्यासारखी दिसते ती कोणती, असे विचारण्यात आले. सुमारे दोनतृतीयांश मुलांनी खेळण्यासाठी गोरी बाहुली उचलली. निम्म्याहून अधिकांनी वाईट म्हणून तपकिरी बाहुलीकडे बोट दाखविले. त्यानंतर तुझ्यासारखी कोणती हा प्रश्न आला, की काही मुले गप्प होत, काही रडू लागत, काही खोलीतून पळून जात.

यातील एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. १३४ मुले आर्कान्सामधील विभक्त शाळांतील होती, तर ११९ मुले उत्तरेकडील मॅसॅच्युसेट्समधील संमिश्र शाळांतील. गोऱ्या बाहुलीची ओढ उत्तरेतील मुलांत किंचित अधिकच दिसली आणि शेवटच्या प्रश्नाने तीच मुले अधिक अस्वस्थ झाली. म्हणजे एका वर्गात शेजारी बसविले की काम झाले, असे या प्रयोगाने कधीच सिद्ध केले नव्हते. न्यायालयात लढणाऱ्यांना ही गुंतागुंत सोयीची नव्हती. मॅमी क्लार्क यांना पुढे जे काम करावे लागले त्याची गरज मात्र नेमकी तीत होती.

डॉक्टरेटसाठी त्या कोलंबिया विद्यापीठात गेल्या. डॉ. आंबेडकरांनी १९१३ ते १९१६ या काळात जेथे अध्ययन केले तेच हे विद्यापीठ. मानसशास्त्र विभागात त्या वेळी त्या एकट्याच कृष्णवर्णीय विद्यार्थिनी होत्या. मार्गदर्शक म्हणून त्यांनी हेन्री गॅरेट यांना जाणूनबुजून निवडले. संख्याशास्त्रात निष्णात असलेले हे प्राध्यापक वर्णावर्णांत जन्मजात बौद्धिक भेद असतात असे मानणारे होते. वयानुसार मूलभूत मानसिक क्षमतांमध्ये कसा बदल होतो, या विषयावर त्यांनी गॅरेट यांच्याच हाताखाली प्रबंध पूर्ण केला. पुढे व्हर्जिनियातील शाळांच्या खटल्यात गॅरेट वर्णवार शाळांच्या बाजूने साक्षीला उभे राहिले, तेव्हा त्यांच्या म्हणण्याचे खंडन करण्यासाठी मॅमी क्लार्क यांना पाचारण करण्यात आले. गुरूने शिकविलेले मोजमापाचे शास्त्र शिष्येने गुरूच्या निष्कर्षांविरुद्ध वापरले. या प्रसंगाला नाट्यमय रंग देण्याचा मोह होतो. पण त्यांच्या दृष्टीने ते बहुधा एक आवश्यक काम होते, इतकेच.

कोलंबियाची डॉक्टरेट हाती असूनही नोकरी मिळेना. कृष्णवर्णीय, त्यातून स्त्री. न्यूयॉर्कमध्ये मानसशास्त्रज्ञाच्या जागा अशा उमेदवारासाठी नव्हत्या. परिचारिकांविषयीची आकडेवारी जुळविण्याचे, त्यांच्या पात्रतेला न शोभणारे काम काही काळ करावे लागले. मग रिव्हरडेल येथील बेघर कृष्णवर्णीय मुलींच्या आश्रमात चाचण्या घेण्याचे व समुपदेशनाचे काम मिळाले. या मुलींसाठी शहरात उपचारांची जवळजवळ काहीच सोय नाही, हे तेथे त्यांच्या लक्षात आले. पतिपत्नींनी शहरातील सामाजिक संस्थांची दारे ठोठावली. हार्लेममध्ये आपल्या सेवेचा विस्तार करा, अशी विनवणी केली. कोणी पुढे आले नाही. तेव्हा मॅमी यांनी वडिलांकडून ९४६ डॉलर उसने घेतले आणि १९४६ साली डनबार अपार्टमेंट्स या वसाहतीच्या तळमजल्याखालील जागेत केंद्र उघडले. दोन वर्षांनी नॉर्थसाइड बालविकास केंद्र हे नाव धारण करून ते ११० व्या रस्त्यावर मोठ्या जागेत गेले.

योगायोग असा, की त्याच वर्षी हार्लेममधील एका चर्चच्या तळघरात लाफार्ग मानसोपचार केंद्र सुरू झाले. डॉ. फ्रेडरिक वर्दम यांच्यासोबत त्यामागे कादंबरीकार रिचर्ड राइट होते आणि ऐपत असलेल्याकडून तेथे पंचवीस सेंट घेतले जात. लाफार्गला लेखकांचे पाठबळ लाभल्याने त्याची वाहवा अधिक झाली. पण काही वर्षांत ते बंद पडले. नॉर्थसाइड टिकले. त्याचे एक कारण असे, की मॅमी क्लार्क यांना हिशेब, भाडे, देणग्या आणि कर्मचाऱ्यांचे वेळापत्रक या रूक्ष गोष्टींचा कंटाळा नव्हता. समाजकार्याच्या इतिहासात या गुणाला सहसा कोणी हार घालीत नाही.

सुरुवातीला लोक येत नसत. मानसोपचार म्हणजे वेड्यांचा इलाज, ही समजूत हार्लेममध्येही होती. शिवाय कचेरीत बसून घरच्या गोष्टी विचारणारा माणूस म्हणजे मदतीचा तुकडा देण्यापूर्वी घराची झडती घेणारा, असा त्या लोकांचा आजवरचा अनुभव होता. ज्या कारणाने अखेर आईबाप केंद्राच्या दारात आले ते मानसोपचारांचे नव्हतेच. शहरातील शाळा कृष्णवर्णीय मुलांना बुद्ध्यंक चाचणीच्या आधारे मतिमंदांच्या वर्गात पाठवीत होत्या. आपल्या मुलात असे काय उणे आहे, हे विचारीत आया नॉर्थसाइडमध्ये येऊ लागल्या. केंद्राने त्या मुलांच्या चाचण्या नव्याने व नीट घेतल्या, तेव्हा त्यांतील बहुसंख्य मुले त्या वर्गासाठी ठरविलेल्या मर्यादेच्या कितीतरी वर निघाली. मूल मंद नव्हते. त्याला वाचायला कोणी शिकविलेच नव्हते, किंवा परक्या माणसासमोर ते बुजले होते, किंवा चाचणी घेणाऱ्याने आधीच निकाल ठरवून टाकला होता.

या मातांच्या हाती जेव्हा नव्या चाचणीचा कागद पडला, तेव्हा जे घडले त्याला कोणत्याही उपचारपद्धतीत नाव नाही. इतके दिवस मुलावर चिडणारी, त्याच्या शाळेच्या दप्तराकडे पाहून मनात कुढणारी आई तो कागद घेऊन मुख्याध्यापकांसमोर उभी राहू लागली. मुलांना योग्य वर्गात परत घ्यावे लागले. घरातला दोषारोप थांबला, बापाची आईवरची आणि आईची मुलावरची चीड ओसरली. हार्लेममध्ये नॉर्थसाइडचे नाव झाले ते यामुळे. आपल्याकडे शाळेने ढ ठरविलेल्या मुलाच्या घरात काय चालते, हे ज्या शिक्षकांनी पाहिले आहे त्यांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

या अनुभवाने केंद्राच्या कामाला जे वळण दिले, त्यावरून पुढे मोठा वाद झाला. त्या काळी अमेरिकेत मनोविश्लेषणाचा बोलबाला होता. मुलाच्या अडचणीचे मूळ त्याच्या अंतर्मनात आणि आईशी असलेल्या नात्यात शोधायचे. त्यासाठी महिनोन्महिने एकेका मुलाशी बोलायचे. नॉर्थसाइडच्या विश्वस्तांत आणि देणगीदारांत या विचाराचे लोक वजनदार होते. उद्योगपती ज्यूलियस रोझेनवाल्ड यांची कन्या मॅरियन अ‍ॅस्कोली यांनी केंद्राला मोठा आधार दिला होता. या मंडळींचा हेतू निर्मळ होता यात शंका नाही. परंतु ज्या मुलाच्या खोलीत उंदीर फिरतात, ज्याच्या बापाला रंगामुळे काम मिळत नाही आणि ज्याला शाळेने मूर्ख ठरविले आहे, त्याच्या भीतीचा उगम फक्त आईच्या वागण्यात शोधणे हे मॅमी क्लार्क यांना पटणे शक्य नव्हते. वाचन आणि गणित शिकविणे हाही उपचारच आहे, असे त्यांचे व केनेथ यांचे म्हणणे. वाचता येऊ लागलेल्या मुलाची मान आपोआप वर होते. यावर विश्वस्त मंडळात तीव्र मतभेद झाले. जुने आश्रयदाते दुरावले. पैशाची ओढाताण सोसून मॅमी क्लार्क आपल्या जागी राहिल्या.

तथापि त्या दुसऱ्या टोकालाही गेल्या नाहीत, हे विशेष. सारा दोष समाजाचा, तेव्हा समाज बदलेपर्यंत उपचार करून उपयोग काय, असे म्हणणारेही साठच्या दशकात पुष्कळ होते. खुद्द केनेथ क्लार्क यांचा ओढा व्यापक सामाजिक लढ्याकडे होता. मॅमी यांच्या केंद्रात मात्र मनोविकारतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, समाजसेविका व शिक्षिका एकाच मुलाभोवती बसत. स्टेला चेस यांच्यासारख्या पुढे ख्याती पावलेल्या बालमानसतज्ज्ञ तेथे प्रारंभीच काम करून गेल्या. रडणाऱ्या मुलाला आज मदत हवी असते. त्याला क्रांतीची वाट पाहायला सांगता येत नाही. आणि हे दार कृष्णवर्णीयांपुरते नव्हते; पोर्टोरिकन व गोरी मुलेही येत, कर्मचारीही सर्व वर्णांचे होते.

बाहुल्यांच्या प्रयोगाची दुसरी बाजू याच सुमारास पुढे आली. कृष्णवर्णीय मूल म्हणजे मोडलेल्या मनाचे मूल, अशी एक दयाळू समजूत त्या प्रयोगाच्या प्रसिद्धीमुळे सुशिक्षित गोऱ्या समाजात रुजली होती. १९६५ साली डॅनियल मॉयनिहान यांनी सरकारसाठी लिहिलेल्या अहवालात कृष्णवर्णीयांच्या दुःस्थितीचे एक मोठे कारण म्हणून त्यांच्या विस्कळीत कुटुंबाकडे बोट दाखविण्यात आले. अहवालात गुलामगिरीचा व बेकारीचा उल्लेख होता; पण लोकांच्या लक्षात राहिले ते कुटुंबच. आता मुलाबरोबर आईही रोगी ठरली. या विचाराविरुद्ध कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञांनी आवाज उठविला आणि १९६८ साली आपली स्वतंत्र संघटना स्थापन केली. त्यांच्या टीकेचा एक रोख क्लार्क दांपत्याच्या प्रयोगावरही होता, आणि तो सर्वस्वी अनाठायी होता असे म्हणता येणार नाही. परंतु त्या टीकेचे उत्तर नॉर्थसाइडच्या चाचण्यांच्या कागदांत आधीच लिहिलेले होते. ती मुले मोडलेली नव्हती. त्यांना मोजणारी फूटपट्टी वाकडी होती.

त्यानंतरच्या काळात कृष्णवर्णीय दांपत्यांच्या व कुटुंबांच्या उपचारांचे शास्त्र बरेच पुढे गेले. नॅन्सी बॉइड-फ्रँकलिन यांचा या विषयावरील ग्रंथ १९८९ साली आला. आजी, मावशी, शेजारीण यांनी मूल वाढविणे ही विकृती नसून कुटुंबाची ताकद आहे. उपचारकाविषयी वाटणारा अविश्वास हे आजाराचे लक्षण नसून इतिहासाने शिकविलेली सावधगिरी आहे. चर्चमधील श्रद्धेला वगळून त्या कुटुंबाशी बोलता येणार नाही, असे आता प्रशिक्षणात शिकविले जाते. नवराबायकोच्या भांडणात कोणता राग दोघांच्या नात्यातून उपजला आहे आणि कोणता दिवसभराच्या अपमानांतून घरी आला आहे, हे निवडून पाहण्याची दृष्टी उपचारकाला असावी लागते. नाहीतर मालकाने केलेल्या अवहेलनेची शिक्षा बायकोला भोगावी लागते आणि वर त्या दोघांच्या स्वभावांवर ठपका येतो. मॅमी क्लार्क यांनी यावर ग्रंथ लिहिला नाही. पण आईबापांना बरोबर घेतल्याशिवाय मुलाचा उपचार नाही आणि घराबाहेरचे जग पाहिल्याशिवाय आईबाप समजत नाहीत, ही रीत त्यांच्या केंद्राने १९४६ पासून पाळली.

त्यांच्या स्वतःच्या संसाराबद्दलही दोन शब्द लिहिले पाहिजेत. केनेथ प्राध्यापक, वक्ते, ग्रंथकार. वृत्तपत्रे त्यांच्याकडे जात. मॅमी सभांपासून दूर राहत. केट व हिल्टन ही दोन मुले वाढविणे आणि केंद्र चालविणे हे दोन्ही व्याप त्यांनी सांभाळले. दोघांनी कामाची ही वाटणी प्रेमाने केली होती. तरीही प्रसिद्धी नेमकी एकाच बाजूला साचली, याला त्या काळाची विद्वत्सभाही जबाबदार होती. पतिपत्नींच्या जोडनावातील पहिले नाव वाचून थांबण्याची तिला सवय होती.

केंद्राबाहेरही त्या काही कामांत होत्या. शाळापूर्व वयाच्या गरीब मुलांसाठीच्या हेड स्टार्ट या सरकारी योजनेला त्यांनी सल्ला दिला. पण त्यांच्या स्वभावाची ओळख पटते ती एका इमारतीवरून. हार्लेमच्या त्या भागात माणसांना राहण्याजोगी घरे नाहीत तोवर आपला उपचार अपुरा, हे ओळखून त्यांनी शॉम्बर्ग प्लाझा या गृहप्रकल्पासाठी खटपट केली. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर ११० व्या रस्त्याच्या कोपऱ्यावर दोन उंच मनोरे आणि सुमारे सहाशे घरे उभी राहिली. नॉर्थसाइडही त्याच संकुलात राहावयास गेले.

१९७९ साली त्या संचालकपदावरून निवृत्त झाल्या आणि ऑगस्ट १९८३ मध्ये कर्करोगाने त्यांचे निधन झाले. केनेथ २००५ पर्यंत जगले. त्या दोघांनी सुरू केलेल्या केंद्रात हार्लेममधील आया आजही मुलांचा हात धरून येतात आणि मुलांसाठी तेथे वाचनाचे वर्ग अजून चालतात.